पडलो कशाने, उठलो कुणामुळे

अपघातातून वाचलेल्या माणसाला भेटावयास येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो : "कसं झालं?" आणि पुष्कळदा उत्तराची वाट न पाहता तोच ते देऊनही टाकतो. कुणी म्हणतो, वेळ वाईट होती. कुणी म्हणतो, आयुष्याची दोरी बळकट होती. दोन्ही उत्तरांत सांत्वन असते, म्हणून ती खोडून काढण्याचे धैर्य अंथरुणावर पडलेल्या माणसाला होत नाही. परंतु आपल्या विद्यालयात ज्यांनी लहानपणाची काही वर्षे घालविली, त्यांना अशा उत्तरांवर थांबणे जड जाते. सायंकाळच्या वंदनेनंतर गुरुजी आम्हां मुलांना प्रश्न घालीत : दिवा विझला, तो वाऱ्याने की तेल संपल्याने? विहीर आटली, ती पावसाअभावी की उपशाने? प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण नाहीसे केले तर परिणामही नाहीसा होतो, हा धम्माचा गाभा त्यांनी आम्हांला पोथीतून शिकविला नाही. दिव्यातून आणि विहिरीतून शिकविला.

आम्ही दोघे या विद्यालयाच्या एकाच तुकडीचे, वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिलेले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्या मोटारसायकलच्या अपघाताविषयी आणि त्यानंतरच्या दिवसांविषयी लिहावयास सांगितले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. बारामती-इंदापूर परिसरात असा अपघात न झालेले घर शोधूनच काढावे लागेल. मग आमचे दुःख तेवढे का सांगावे? तथापि या स्मरणिकेचे बहुसंख्य वाचक याच रस्त्यांवरून रोज ये-जा करतात, आणि त्या पाच महिन्यांत जे समजले ते केवळ आमच्यापुरते नाही, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

बारामती आणि इंदापूर यांच्यामध्ये घाट नाही. तरीही आडरस्त्यांना वळणे आहेत, आणि त्यांतली कित्येक पाण्याने घातलेली आहेत. नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात खोदला गेला. वारंवार दुष्काळाच्या फेऱ्यात सापडणाऱ्या या मुलखाला भाटघरच्या धरणाचे पाणी त्याने आणून दिले. हे पाणी यंत्राने ओढून न्यावयाचे नव्हते, उताराने वाहू द्यावयाचे होते. म्हणून कालवा जमिनीची समान पातळी धरून, अगदी थोडा उतार राखीत पुढे सरकतो. मध्ये टेकाड आले की वळसा घालतो, ओढा आला की काठाकाठाने आत शिरून पुन्हा बाहेर येतो. त्याच्या भरावालगतचे रस्ते साहजिकच त्याच्याबरोबर वळतात. सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी या गावांचा पट्टा आषाढात तुकाराम महाराजांच्या पालखीने गजबजतो आणि दिवाळीनंतर उसाच्या गाड्यांनी. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की तेथपासून पट्टा पडेपर्यंतचे चार-पाच महिने या रस्त्यांवर रात्र आणि दिवस यांत फरक राहत नाही.

2018 च्या डिसेंबरातील एका रात्री आम्ही इंदापूरहून बारामतीकडे निघालो होतो. एका वर्गमित्राच्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून परतत होतो. मुख्य रस्त्यावर उसाच्या वाहनांची रांग लागलेली असल्याने कालव्याकडेचा रस्ता धरला. वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास होता. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होते. समोरून एक जीप प्रखर दिवे लावून आली आणि गेली. तिच्यामागचा अंधार अधिकच दाट भासला. पुढे लगेच डावे वळण होते आणि वळणाच्या पोटात दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर उभा होता. मागच्या ट्रॉलीचे चाक पंक्चर झाले होते. चालक ते चाक घेऊन दुरुस्तीला गेलेला होता. मागे दिवा नव्हता, परावर्तक नव्हता. ट्रॉलीबाहेर लोंबणारे उसाचे वाढे दिसले, तोवर अंतर उरले नव्हते.

आमच्यापैकी जो गाडी चालवीत होता त्याने ब्रेक दाबून गाडी उजवीकडे घेतली. ट्रॉलीचा लोखंडी कोपरा त्याच्या डाव्या पायाला घासून गेला आणि नडगीची दोन्ही हाडे मोडली. मागे बसलेला रस्त्यावर खांद्यावर आपटला. त्याचे कॉलरबोन मोडले आणि मनगट मुरगळले. त्याच्या हेल्मेटला आडवी चीर गेली होती. ते हेल्मेट पुढे कितीतरी दिवस आम्ही टाकून दिले नाही. ती चीर कशाऐवजी पडली आहे, हे पाहणाऱ्याला न सांगताच समजत असे.

पहिली हाक कालव्यापलीकडच्या कोप्यांतून आली. मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांचा तो तळ होता. दिवसभर कोयता चालवून, पहाटे पुन्हा फडात जाण्यासाठी निजलेली ती माणसे आवाज ऐकून धावत आली. त्यांच्या मुकादमाने मागून बजावले, "हात लावू नका, पोलिसांचं झंगट मागं लागंल." तरीही एक नवरा-बायको पुढे झाले. त्या बाई म्हणाल्या, "लेकरा, हालू नको. पाय तसाच ऱ्हाऊ दे." नवऱ्याने कोपीच्या दोन बांबूच्या काठ्या आणल्या, बाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या, आणि मोडलेला पाय दोन्ही बाजूंनी काठ्या लावून बांधला. हे त्यांना कुणी शिकविले, असे पुढे रुग्णालयातील डॉक्टरांनीही विचारले. बैलाचा पाय मोडला म्हणजे असेच बांधतात, एवढेच त्यांनी आम्हांला सांगितले होते. मागे बसलेल्याने धड हाताने 108 क्रमांकाला फोन लावला. रुग्णवाहिकेला ती अरुंद वाट सापडणे कठीण, म्हणून चौघांनी बाजेवर घालून आम्हांला फाट्यापर्यंत उचलून नेले. वाटेत त्या बाई पुन्हा पुन्हा गावाचे नाव विचारीत होत्या. आम्ही शुद्धीवर राहावे म्हणून त्या बोलत होत्या, हे आम्हांला नंतर उमगले.

मुकादमाची भीती खोटी नव्हती. ती फार जुनी आणि अनुभवातून आलेली भीती आहे. जखमीला उचलणाऱ्याला साक्षीसाठी खेटे घालावे लागत, प्रसंगी त्याच्यावरच संशय घेतला जाई. पण 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्या नागरिकाच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक ठरविली, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद आली. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे, अशी सक्तीही करता येत नाही. ही गोष्ट वाचकांनी घरोघरी सांगावी. कोपीतल्या त्या दांपत्याला असा काही नियम आहे हे ठाऊक नव्हते. नियम ठाऊक नसताना ती दोघे पुढे झाली, याचे मोल आम्ही कसे करावे?

विद्यालयात आम्हांला एक कथा शिकविली जात असे. अतिसाराने लोळत पडलेल्या, कुणीही जवळ न केलेल्या एका भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून अंथरुणावर निजविले, आणि संघाला बजावले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा समजा. लहानपणी त्या कथेत आम्ही नेहमी धुणाऱ्याच्या बाजूने उभे असू. बाजेवर निजून आकाश पाहताना प्रथमच त्या भिक्खूच्या जागेवरून ती कथा आठवली. उचलले जाणे म्हणजे काय, हे उचलणाऱ्याला पुरते कळत नाही.

रुग्णालयात दुसऱ्या दिवशी नडगीच्या हाडाच्या पोकळीतून सळई घालून ती वर-खाली स्क्रूंनी पक्की करण्यात आली. ही पद्धत गेरहार्ट क्युंचर या जर्मन शल्यचिकित्सकाने 1939 च्या सुमारास प्रथम मांडीच्या हाडासाठी वापरली. त्यापूर्वी असा रुग्ण महिनोन्‌महिने प्लॅस्टरमध्ये किंवा वजन लटकावून पडून राही. पण सळई हाड जोडीत नाही, ती केवळ सरळ धरून ठेवते. जोडण्याचे काम शरीर स्वतः करते. मोडल्या जागी प्रथम रक्त गोठते, दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ सांधा धरतो, मग काही महिन्यांत त्यात चुना भरून तो कठीण होतो, आणि त्यानंतरही वर्ष-दोन वर्षे हाड आपला आकार घडवीत राहते. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली : हाडाला झेपेल एवढा भार द्यावाच लागतो. भार आला नाही तर हाड आळसावते, आणि अवेळी फार आला तर सळईच वाकते. वॉकर, मग दोन कुबड्या, मग एक काठी, हा क्रम म्हणूनच असतो. कॉलरबोन तर झोळीत हात अडकवून सहा-सात आठवड्यांत जुळून आले. खरी लढाई नडगीची होती.

पायावरची पट्टी सुटली तेव्हा मांडी ओळखू येत नव्हती, इतकी ती वाळली होती. फिजिओथेरपीत पहिले चार दिवस केवळ गुडघ्यामागे टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावयाची, एवढेच काम; तेवढ्यानेही कपाळावर घाम येई. ज्याचा पाय मोडला होता त्याचे इंदापुरात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करण्याचे दुकान. उकिडवे बसता येत नाही तर मोटार उघडणार कशी, आणि हंगामात दुकान बंद राहिले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल कशाला? घरातील दोन मुलांची फी, दुकानाचे भाडे, बँकेचा हप्ता यांपैकी काहीही हाड जुळण्याची वाट पाहणारे नव्हते. त्या काळात आमच्या तुकडीतील मित्रांनी डब्याची पाळी लावली, एकाने दोन महिने दुकान उघडून बसण्याचे काम पत्करले, एका वडीलधाऱ्या माजी विद्यार्थ्याने भाडे भरून टाकले आणि त्याचा उल्लेखही करू दिला नाही. वसतिगृहात एका ताटातील भाकरी चौघांत वाटण्याची सवय लागते. ती पुढे कोठे उपयोगी पडेल, हे तेव्हा कुणाला माहीत असते?

दिवसा वेदना असत, रात्री विचार असत. डोळे मिटले की ते वाढे दिसत. बाहेर ट्रॅक्टर गेला की दोघांचेही अंग आक्रसे. राग येई, तो ट्रॅक्टरच्या चालकावर, मालकावर, जीपवाल्यावर, शेवटी कारणावाचून घरच्या माणसांवर. संयुत्तनिकायातील सल्लत्थ सुत्ताचा दृष्टान्त वाचकांना परिचित असेल. बाण लागलेल्या माणसाला आणखी एक बाण लागावा तसे अजाण माणसाचे होते : पहिला बाण शरीराच्या दुःखाचा, दुसरा त्या दुःखाविषयीच्या शोकाचा आणि संतापाचा. जाणता माणूस पहिला बाण टाळू शकत नाही. दुसरा मात्र लागू देत नाही. आम्ही जाणते होतो असे म्हणण्याचे धाडस करणार नाही. परंतु श्वासाकडे पाहत बसण्याचा जो पाठ वसतिगृहात रोज पंधरा मिनिटे करून घेतला जाई, तो त्या रात्रींत हाताशी आला. वेदना पायात आहे आणि राग छातीत आहे, ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, एवढे दिसू लागले. दुसरा बाण थांबला नाही, पण तो कोठून सुटतो ते कळले.

भेटावयास येणाऱ्यांचे सांत्वन मात्र दुसऱ्या दिशेने जाई. त्या वळणावर पूर्वीही माणसे पडली आहेत, तेथे काही तरी आहे, एकदा लिंबू-नारळ उतरवून टाका, असे आपल्याच समाजातील काही वडीलधाऱ्यांनी सुचविले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्यांच्या घरी भिंतीवर लावलेल्या आहेत, तीच ही माणसे. त्यांच्या मायेविषयी आम्हांला शंका नाही. पण वळणावर पूर्वीही माणसे पडली असतील, तर तेथे काही तरी आहे हे खरेच. मग ते काय आहे, ते शोधावयास नको काय?

याच दिवसांत आमच्या एका जुन्या गुरुजींनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेखानी आत्मकथन वाचावयास आणून दिले. ते बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नव्हते. 1990 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते छापले. त्यातील चाळीसगावचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. मोडलेला पाय उशीवर ठेवून तो वाचताना मात्र तो निराळा दिसला.

साल 1929. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. खानदेशातील काम आटोपल्यावर सामाजिक बहिष्काराच्या एका तक्रारीची पाहणी करून ते चाळीसगाव स्थानकावर उतरले. तेथील महारवाड्यातील मंडळींनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. त्यांना बराच वेळ ताटकळावे लागले, मग एक टांगा आला. टांगा थोडा पुढे जातो तोच एका मोटारीशी होणारी टक्कर थोडक्यात चुकली. पुढे रस्ता एकदम काटकोनात वळून नदीवरच्या मोरीवर चढत होता. मोरीला कठडे नव्हते. काही अंतराने बसविलेले दगड तेवढे होते. वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासह खाली नदीत कोसळला. ते बेशुद्ध झाले, त्यांचा पाय मोडला. नदीपलीकडेच महारवाडा होता. तेथील माणसांनी आक्रोश करीत त्यांना उचलून नेले. तेव्हा सळईची शस्त्रक्रिया निघालेली नव्हती, आणि 1928 मध्ये शोध लागलेले पेनिसिलिन औषध म्हणून हाती येण्यास अद्याप दहा-बारा वर्षे होती. त्या काळी पाय मोडणे ही साधी गोष्ट नव्हती.

पण आम्हांला थांबविले ते पुढच्या भागाने. हा अपघात घोड्यामुळे झाला, असे म्हणून कुणीही विषय संपविला असता. बाबासाहेबांनी एवढा वेळ का लागला आणि चालक इतका अडाणी कसा, याचा उलगडा करून घेतला. त्यांना कळले ते असे : गावातील एकही टांगेवाला अस्पृश्याला आपल्या टांग्यातून नेण्यास तयार नव्हता. मंडळींना तर पाहुण्याने पायी चालत येणे अपमानास्पद वाटत होते. शेवटी तोड निघाली की टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. मग ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातीलच एका माणसाच्या हाती लगाम आला. घोड्यामागे चालक, चालकामागे टांगेवाल्याचा नकार, नकारामागे जातीची उतरंड, अशी कारणांची साखळी त्यांनी कडी-कडीने उलगडली. आणि ती उलगडताना आपल्या माणसांनाही वगळले नाही. पाहुण्याच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, ही गोष्ट मंडळींच्या ध्यानात आली नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे.

त्यानंतर आम्ही आमचीही साखळी उलगडावयास बसलो. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 11 मीटर. समोर काही आहे हे दिसून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे 16-17 मीटर अंतर नुसते जाणिवेत संपते. मोटारसायकलचा झोत नाकासमोर पडतो; रस्ता वळला तरी झोत वळत नाही, म्हणून वळणाचा पोटभाग अंधारातच राहतो. समोरच्या प्रखर दिव्याने दिपलेल्या डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय होण्यास काही क्षण लागतात. हे झाले प्रकाशाचे गणित. पुढची कडी आमच्याकडे आपल्या पायांनी चालत आली. ट्रॅक्टरचा चालक तिसऱ्या आठवड्यात भेटावयास आला. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, दारातच रडू लागला. पोलिसांत नोंद झालेली होती, कायद्याचे जे व्हावयाचे ते होणार होते. तो त्यासाठी आला नव्हता. त्याची मजुरी खेपेवर होती. तोडलेला ऊस जसजसा वाळतो तसतसे त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात, म्हणून शेतकऱ्यापासून कारखान्यापर्यंत प्रत्येकाला घाई असते. मागच्या ट्रॉलीपर्यंत जाणारी दिव्याची वायर कधीची तुटलेली होती; ती जोडण्यात गेलेला वेळ कुणीच त्याच्या हिशेबात धरीत नव्हते. वाहनाच्या मागे तांबडा परावर्तक असलाच पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे. पण तो नियम ट्रॉलीवर चिकटलेला नव्हता. साखळी पुढे सरकत गेली तसा आमचा त्या मुलावरचा राग कमी होत गेला. कारण समजले म्हणजे जबाबदारी सुटते असे नाही. मात्र एकट्या माणसावर रोखलेला राग जेथे काहीच बदलू शकत नाही, तेथे कारणाला हात घालता येतो.

बाबासाहेबांच्या लिखाणातील मान आणि सुरक्षिततेचा मुद्दा आपल्या समाजाने आजही मनावर घ्यावा, असे आम्हांला नम्रपणे सुचवावेसे वाटते. जयंतीच्या मिरवणुकीत, धम्म परिषदेच्या रॅलीत, नवरदेवाच्या वरातीत तरुण मुले मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून, निळे झेंडे फडकावीत, उघड्या डोक्यांनी जातात. हेल्मेट घातले तर चेहरा दिसत नाही, फेटा बसत नाही, उत्साह कमी दिसतो, असे सांगितले जाते. ज्या महापुरुषाच्या सन्मानासाठी ही फेरी निघते, त्यांनीच चाळीसगावच्या फरसबंदीवरून या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे.

पाचव्या महिन्याच्या अखेरीस काठी सुटली. दुकान पुन्हा उघडले. उकिडवे बसण्याऐवजी मोटार ठेवण्यासाठी कमरेएवढा ओटा बांधून घेतला. मोटारसायकलवर पुन्हा बसण्यास आणखी दोन महिने लागले, आणि पहिल्यांदा दोघे मिळून गेलो ते त्याच वळणापर्यंत, भर दुपारी, सावकाश. तेथे भुताखेताचे काही नव्हते. रस्त्याच्या पोटात वाढलेली वेडी बाभूळ होती, खचलेली साईडपट्टी होती आणि एकही फलक नव्हता. ग्रामपंचायतीला अर्ज देऊन आणि दोन-तीन वेळा जाऊन बाभूळ काढून घेता आली.

नंतरच्या हंगामात, मोळी पडण्याच्या आधी, विद्यालयाच्या श्रमदानाच्या दिवशी आम्ही नववी-दहावीच्या मुलांना घेऊन ट्रॉल्यांना आणि ऊसतोड कामगारांच्या टायरगाड्यांना परावर्तक पट्ट्या लावल्या. विज्ञानाच्या शिक्षकांनी आधी तासभर पाठ घेतला : या पट्टीत काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा त्रिकोणी लोलक असतात, साधा आरसा प्रकाश भलतीकडे फेकतो, पण ही पट्टी ज्या दिशेने प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठविते, म्हणून ती दिव्यावाचून, वायरीवाचून, बॅटरीवाचून काम करते. पट्टी चिकटविण्याआधी पत्रा पुसून कोरडा करावा लागतो, नाहीतर मळीच्या चिकटपणावर ती टिकत नाही, हे मुलांनी पहिल्या दोन ट्रॉल्यांवर शिकून घेतले. कित्येक मालकांनी हसून घेतले, काहींनी मुलांना गूळ-शेंगा दिल्या, एकाने मात्र आपल्या साऱ्या ट्रॉल्या रांगेत आणून उभ्या केल्या. पुढे करोनाच्या काळात एक वर्ष खंड पडला. तेवढा वगळता हे काम दरवर्षी चालू आहे.

त्या दांपत्याचा शोध आम्ही पाय टेकता येऊ लागताच घेतला होता. तोवर पट्टा पडला होता, कोप्यांच्या जागी चुलींची राख आणि बांबूची भोके उरली होती. पुढच्या हंगामात टोळी बदलली, मुकादमही बदलला. बाईंनी आम्हांला आमचे गाव दहा वेळा विचारले होते. त्यांचे सांगितलेले गाव मात्र त्या अवस्थेत आमच्या लक्षात राहिले नाही. त्यांच्या टायरगाड्याही पहाटेच्या अंधारात याच रस्त्यांवरून जातात, मागे दिवा नसतो, वर मुले झोपलेली असतात. आम्ही गाडीला पट्टी लावताना दर वर्षी प्रत्येक बाईच्या चेहऱ्याकडे पाहतो. ओळख अद्याप पटलेली नाही. परंतु पट्टी लावण्यास ओळख लागत नाही, जशी पाय बांधण्यास त्यांना लागली नव्हती.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांना आमची एवढीच विनंती आहे. आपापल्या गावातील एक वळण निवडावे. तेथे कोण कोण पडले, याची नोंद करावी, आणि प्रत्येक नावापुढे 'नशीब' न लिहिता कारण लिहावे : झाडी, खड्डा, अंधार, घाई, जे असेल ते. त्यांतले जे आपल्या हाताने दूर होण्यासारखे असेल ते येत्या मोळीच्या आधी दूर करावे. उरलेले लेखी अर्जाने योग्य त्या कार्यालयापुढे मांडावे आणि पाठपुरावा सोडू नये. पट्ट्यांचा पुरवठा आणि विद्यार्थ्यांची मदत विद्यालयाकडून मिळण्याची व्यवस्था झालेली आहे. श्रमदानाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघे विद्यालयाच्या फाटकाशी असू.

जय भीम.